आगाराच्या पुढचा रस्ता

१

शाळेतून आले की मी चहा करायची आणि कप घेऊन मधल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची. विमान हवेत आणायला कुठल्या कळा दाबायच्या ते मला पाठ झालं होतं. इंजिनाची घरघर सुरू व्हायची, पडदा उजळायचा आणि खाली सावित्रीचं खोरं दिसू लागायचं.

हे खोरं माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, बनवलेलं. तो महाडच्या कोर्टात कारकून होता. घरी बसून विमान चालवायचा हा खेळ त्याला पुण्याच्या एका मित्रानं दिला, तेव्हा त्यात लंडन होतं, मुंबईचा विमानतळ होता. पण मुंबईहून दक्षिणेला निघालं की खाली नुसती हिरवट जमीन, कुठलीही असू शकेल अशी. "महाडच नाही यात," तो म्हणाला, पानात मीठ वाढायचं राहिलंय अशा सुरात. मग त्यानं ते घालायचं ठरवलं. अशी कामं करणारे हौशी लोक जगभर असतात म्हणे. त्याला ते सिनरी म्हणतात. डोंगरांचे उंचवटे उपग्रहाच्या नकाशांवरून घ्यायचे, नदी आणि रस्ते हाताने आखायचे, घरांचे चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि ठोकळ्यांवर चिकटवायचे. सुहासचे रविवार यातच जायचे. कधी कधी मीही बरोबर जायची.

पोलादपूरकडच्या वाड्यांमधून त्याला सगळे ओळखायला लागले होते. कापड्याला एक म्हातारी त्याला अडवून विचारायची, "आमचा गोठा घातलास काय रं इमानात?"

"घातला की, काकी."

"नि म्हशी?"

"म्हशी नाही घालता येत. मशीनला जड होतात."

"आमच्या म्हशी जड? हाडं निघाल्यात त्यांची!"

माणसंही तो घालत नसे. माणसं घातली की चित्र अडखळतं, आणि हलली नाहीत तर मेल्यासारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं.

बाजारपेठ झाली, कोर्ट झालं, चवदार तळं झालं, त्यातलं पाणी उन्हात चमकायचंसुद्धा. आपलं घर कधी, असं मी विचारलं की म्हणायचा, "आपलं काय, कधीही होईल. ते शेवटी." म्हणून त्याच्या महाडात रस्ता एस.टी.च्या आगारापर्यंत येऊन थांबायचा. त्याच्या पुढे, नदीच्या अंगाला, जिथे आमची गल्ली, तिथे नुसतं हिरवं होतं.

२

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो कापड्याच्या वरच्या एका वाडीचे फोटो काढायला गेला. मला शाळेचे पेपर तपासायचे होते. तो खांद्याला पिशवी लावून निघाला आणि मी मान वर न करता "ऊन होईल, टोपी घे" म्हणाले.

वाडीतल्या राहीबाई नावाच्या बाईच्या अंगणात, जांभळीखाली तो टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. तिच्या मुलांनी डोली बांधून त्याला सडकेपर्यंत खाली आणलं. पोलादपूरला डॉक्टरांनी बघितलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढचं सगळं सुहासच्या चुलतभावानं, श्रीपतनं, बघितलं. सूर्य कलला होता. "घरी नेऊन परत उचलायचं, त्यात अंधार होईल. थेटच नेऊ. वहिनींना तिकडेच आणा," असं त्यानं फोनवर कुणाला तरी सांगितलं. त्याचंही चुकलं असं मी म्हणत नाही. मला रिक्षातून नदीकाठी नेलं. सुहासला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. त्याच्या पायांना वाडीतली लाल माती लागलेली होती.

पिशवी, कॅमेरा आणि टोपी नंतर घरी आली. तो आला नाही.

३

मार्चअखेरीस ते पहिल्यांदा दिसलं.

मी कापड्यावरून खाली झेपावत होते. वाडीतून खाली उतरणारी पायवाट सुहासनं एका तपकिरी रेघेनं दाखवली होती. त्या रेघेवर काहीतरी पांढरं उभं होतं.

मी विमान वळवून परत आणलं. या खेळात एक सोय आहे. उड्डाण थांबवून विमान हवेत नुसतं सरकवता येतं, पुढे, मागे, खाली, अगदी जमिनीपर्यंत. तसं मी ते खाली नेलं. जवळ गेलं की अशा चित्रांचं पीठ होतं, चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यामुळे जवळून काही कळलं नाही. थोडं मागे आले तेव्हा कळलं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खांद्यावरून खाली गेलेला काळा पट्टा. पाठ माझ्याकडे.

मी बाजूने फिरून तोंड बघायला गेले. पण सिनरीतली झाडं असतात तसंच ते होतं, कागदासारखं. बाजूला गेलं की बारीक होत होत एक रेघ उरायची आणि मग रेघही जायची. दुसऱ्या बाजूने आले तर पुन्हा पाठच.

सुहासनं कधीतरी गंमत म्हणून घातलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजवर माझ्या नजरेतून सुटलं असेल. हे पटण्यासारखं होतं. मी चहाचा कप विसळला, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी ते पायवाटेच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांजवळ होतं.

४

गौतमी बाजारात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. कधीकाळी माझ्या वर्गात होती. आता तिची मुलगी माझ्या शाळेत आहे. मी तिला बोलावलं. तिनं खुर्ची ओढली, सुहासनं बनवलेल्या सगळ्या वस्तू एकामागून एक उघडून बघितल्या.

"बाई, यात माणूस नाहीच. झाडं आहेत, घरं आहेत, विजेचे खांब, देऊळ, पेंढ्याच्या उडव्या. सरांनी उडव्या काय मस्त केल्यात! पण माणूस नाही."

"मग ते काय आहे?"

तोवर ते पोलादपूरच्या स्टँडच्या पुढे हायवेवर आलेलं होतं. गौतमीनं पडद्याला नाक लावलं.

"खांब असेल. नाहीतर चित्र फाटलंय. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं की होतं असं."

"खांबाला पिशवी असते का ग?"

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही नीट झोपता ना?"

"झोपते."

"एकट्या राहू नका इतकं. आमच्याकडे या जेवायला. आई रोज विचारते."

मी येते म्हणाले. ती गेल्यावर पुन्हा खुर्चीत बसले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा जुनं होतं. मी बघत असताना ते कधी हललं नाही. रोज मात्र थोडं पुढे असायचं. एकदा लोहाऱ्याजवळ. मग राजेवाडीच्या फाट्यावर, वडाच्या सावलीत. त्या दिवशी बाहेर उकाडा फार होता आणि मला बरं वाटलं की ते सावलीत आहे.

५

मंजुळा ही सुहासची धाकटी बहीण. कापड्यालाच दिलेली. मे महिन्यात ती फणस घेऊन आली, ओटीवर बसली आणि बराच वेळ नुसती पदराने वारा घेत राहिली.

"वैनी, एक बोलू? राग नका मानू."

"बोल ग."

"दादाला घरी आणायला पायजे व्हता."

"उशीर झाला होता, मंजू."

"उशीर झाला म्हून काय? घराकडनं निघाला नाय, इसावा दिला नाय…"

तिरडी घरातून निघाली की अर्ध्या वाटेवर ती खाली टेकवतात, दिशा फिरवतात, खांदेकरी बदलतात. त्याला विसावा म्हणतात. वाट फिरवली की गेलेल्याला परतीचा रस्ता राहत नाही, असं जुनी माणसं सांगतात. सुहासची तिरडी नदीकाठीच बांधली. विसावा द्यायला मधे वाटच नव्हती.

"आता काय करणार त्याचं," मी म्हणाले.

"करायचं काय नाय. पण त्येला कसं कळायचं आपण गेलोय ते? सकाळी घरातनं बाहेर पडला. काम झालं. आता घरी यायला निघाला असंल, दुसरं काय."

मी तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

तिला मधल्या खोलीत नेलं. चित्र आगारावर आणलं. आदल्या दिवशीच ते तिथे पोचलं होतं. रस्ता जिथे संपतो आणि हिरवं सुरू होतं, बरोबर त्या काठावर उभं होतं. पाठ आमच्याकडे, तोंड आमच्या गल्लीकडे.

तो कोण हे मंजुळानं विचारलं नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"ह्यो रस्ता फुडं नाय?"

"नाही. पुढचं करायचं राहिलं."

"मग राहू दे."

"मंजू, तो तिथे उभा आहे ग."

"दिसतंय मला. माझा भाव हाय तो, मला काय नकोसा झालाय?" ती चौकटीपर्यंत मागे सरली. "पण वाट करू नका, वैनी. घरात येऊन तो काय एकटा बसंल? त्येला घरातलं मानूस लागंल."

६

तो तिथे उभा राहिला. रोज. आधी जसा पुढे सरकायचा तसा आता सरकत नव्हता. उजाड हिरव्या रंगासमोर, पिशवी खांद्याला लावून, पत्ता चुकलेल्या माणसासारखा उभा. मी चहा घेऊन बसायची आणि चहा निवून जायचा. शाळेला सुट्टी होती. इंजिन बंद केलं की स्पीकरमधून बारीक वारा तेवढा ऐकू यायचा.

मी विचार करू शकत होते. हा माझ्या डोळ्यांचा खेळ आहे, हे म्हणून बघितलं. मग मंजुळाला कसं दिसलं? तिला मीच दाखवलं म्हणून. गौतमीला नाही दिसलं. तिलाही काहीतरी दिसलंच होतं, तिनं खांब म्हटलं. असं दोन्ही बाजूंनी बोलून झालं की उरायचं एवढंच, की तो घरी यायला निघालाय आणि घर नाही.

एका सकाळी मी गौतमीच्या क्लासला जाऊन बसले. "रस्ता कसा आखायचा ते मला शिकव."

"कशाला, बाई?"

"सरांचं राहिलंय ते पूर्ण करते."

तिचा चेहरा उजळला. "हे छान. याच्यात मन रमेल तुमचं."

नकाशावर एक एक ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे, मग रुंदी द्यायची, रंग द्यायचा. मी आगारापासून सुरुवात केली. डावीकडची रसवंती, किराणा दुकान, तिथला उंबर. माझ्या हाताला सुहासची सफाई नव्हती. उंबर रस्त्याच्या मधोमध आला, तो उचलून परत लावला. गौतमी घरी येऊन तपासून द्यायची. गल्लीच्या तोंडापर्यंत रस्ता झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं खेळ चालू केला आणि बघत राहिली.

"बाई, हा खांब आगारापाशी होता ना?"

"हो."

तो उंबराखाली होता.

गौतमीनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "असलं काही नसतं, बाई. मी मानत नाही." मग क्लासची वेळ झाली म्हणून उठली. दारात चपला घालताना वळली नाही. तेव्हापासून मी फोन केला की तिची आई घ्यायची आणि गौतमी बाहेर गेली म्हणून सांगायची.

पुढचं मी एकटीनं केलं. गल्ली, तिचं वळण, समोरच्या घराची जाळी. त्या दुपारी वळणाचा शेवटचा ठिपका देत असताना मला चपलांचा आवाज आला. खडीवरून कुणीतरी सावकाश चालत होतं. सुहासनं सिनरीत असे आवाज घातले नव्हते. मी आवाज कमी करायला स्पीकरकडे हात नेला. स्पीकर बंद होता.

खिडकीतून पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्यांचं कुत्रं मधोमध उभं होतं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हळूहळू शेपूट हलवत होतं. घरच्यांखेरीज ते कुत्रं फक्त सुहासला ओळखायचं; बाकी सगळ्यांवर भुंकायचं.

७

घर बनवायला घराचे फोटो लागतात. सुहासच्या कॅमेऱ्यात आधीचे फोटो तसेच होते: वाडीतली कुडाची भिंत, जांभळीचा बुंधा, राहीबाई पदर सावरून उभी. ते मी पुसले नाहीत. जागा होती तेवढ्यात आमच्या घराचे काढले. मागची बाजू, परसातली मोरी, बाजूची भिंत, जिथे चुना उडाला आहे. शेवटी पुढची. ओटी, पायऱ्या, दार. घराला कुलूप नव्हतं, पण मी रस्त्यावर उभी होते म्हणून दार ओढून घेतलेलं होतं.

चारही चित्रं ठोकळ्यावर चिकटवली. घर उभं राहिलं. थोडं तिरकं बसलं, तरी आमचंच होतं. मी त्याच्यासमोर बसून रडले, तो गेल्यानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तो पायरीवर होता.

त्याच्या पुढच्या दिवशी ओटीवर. आणि मग तिथेच. दाराला तोंड लावून, इतका जवळ की कपाळ फळीला टेकलं असावं. एक दिवस गेला. आणखी एक. पडद्यावर तो हलत नव्हता आणि इकडे, खऱ्या घरात, मधल्या खोलीतून मला पुढच्या दारावर काहीतरी टेकल्यासारखं वाटायचं. ठोठावणं नव्हे, नुसतं वजन. फळी किंचित करकरायची. मी जाऊन दार उघडलं की ओटी मोकळी, ऊन पडलेलं.

मग माझ्या लक्षात आलं. मी जे दार त्याच्या घराला लावलं होतं ते बंद दाराचं चित्र होतं. ते उघडणार कसं?

त्याला घरातलं माणूस लागेल, असं मंजुळा म्हणाली होती. ते मी विसरले नव्हते. पण त्या दोन-तीन दिवसांत मला ते भीतीचं वाक्य वाटेनासं झालं होतं. मलाही लागतच होतं की.

८

दुपारचं ऊन उतरल्यावर मी पुढचं दार सताड उघडलं. वाऱ्यानं लोटू नये म्हणून स्वयंपाकघरातला वरवंटा आणून त्याला लावला. कॅमेरा घेतला, पायऱ्या उतरले आणि गल्लीत समोर जाऊन उभी राहिले.

आपलं घर असं उघडं, आत कुणी नसताना, बाहेरून बघायची वेळ कधी येत नाही. ओटी उजेडात होती. तिच्या मागे पुढची खोली, मग मधल्या खोलीची चौकट, आणि त्याच्या पलीकडे काळोख. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दार पूर्ण दिसतंय हे बघितलं आणि बटण दाबलं.

लहान पडद्यावर फोटो उमटला. ओटी आली होती, पायऱ्या आल्या होत्या. दार बंद होतं.

आधीचाच फोटो लागला असेल म्हणून मी पुन्हा बघितला. तो आत्ताचा होता. पायरीवर माझी सावली पोचली होती.

मी मान वर केली. दार बंद होतं. वरवंटा बाहेर, भिंतीला टेकवून नीट उभा करून ठेवलेला होता. आणि मी बघत असताना आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी धावले नाही. पायऱ्या चढून ओटीवर बसले, दाराला पाठ लावून. आत कुणीतरी चालत होतं. दमलेल्या माणसाचं चालणं. स्वयंपाकघराकडे गेलं. माठावरचं झाकण उचललं. पेला आत बुडाला आणि पाण्याचा घोट, मग घोट, मग दुसरा पेला. जांभळीखाली बसला तेव्हा त्याला तहान लागली होती की काय, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. आत्ता मला ते ऐकू येत होतं. मी हललेसुद्धा नाही. मी हलले तर ते थांबेल एवढंच मला कळत होतं.

"वैनी, भायेर का बसल्यात?"

मंजुळा गल्लीतून येत होती. हातात आंब्यांची पिशवी. मी ओठांवर बोट ठेवलं. ती पायऱ्यांशी आली, बंद दाराकडे बघितलं, आणि तिलाही ऐकू आलं. पिशवी तिनं हळूच खाली ठेवली. वर येऊन माझं मनगट घट्ट धरलं.

"उठा," ती कुजबुजली. "कापड्याला चला माझ्यासंगं. अशाच चला. मागं बघू नका."

"तो पाणी पितोय ग."

"पिऊ दे. तुमी उठा."

आत पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं दाराकडे आली आणि थांबली. फळीच्या पलीकडे, माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर, कुणीतरी श्वास घेत होतं. मंजुळाची नखं माझ्या मनगटात रुतली.

मग कडी निघाली. दार उघडलं नाही. नुसतं लोटलेलं राहिलं, घरचं माणूस बाहेर असलं की ठेवतात तसं.

आम्ही दोघी तशाच बसून होतो. आतून काही आवाज नव्हता. तो वाट बघत होता. बऱ्याच वेळाने मंजुळा एकदाच "दादा" म्हणाली, स्वतःशी बोलावं तसं. आणि माझ्या मनगटावरची तिची बोटं हळूहळू सैल होत गेली.